गस्ती जहाजबांधणी
किनाऱ्यापासून दूरवरच्या समुद्रात दीर्घकाळ राहून राखण, पाहणी, मदत व कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मध्यम आकाराच्या जहाजांची रचना व निर्मिती. अशा जहाजास खोल समुद्रातील गस्ती जहाज असे म्हणतात. त्याची लांबी सामान्यतः ७० ते ११० मी. व वजन १,२०० ते २,५०० टन असते. बंदराच्या तोंडाशी फिरणाऱ्या वेगवान गस्ती बोटीपेक्षा ते मोठे आणि फ्रिगेट वा कॉर्व्हेट या युद्धनौकांपेक्षा कमी शस्त्रसज्ज असते. शत्रूच्या आरमाराशी लढणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. आपल्या हक्काच्या समुद्रात सतत उपस्थित राहणे हे होय. भारतात या जहाजांची बांधणी प्रामुख्याने मुंबई, गोवा, विशाखापटनम्, कोलकाता व कट्टुपळ्ळी (तमिळनाडू) येथील गोद्यांत झाली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील बांधणीचा इतिहास व तीत सातारा-सांगली परिसरातील उद्योगपरंपरेचा आलेला संबंध यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : समुद्रावर गस्त ठेवून त्यावरील सत्ता प्रस्थापित करण्याची कल्पना या किनाऱ्यास नवी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यानंतर तेथील खाडीत नौकाबांधणीस आरंभ केला. या कामासाठी काही पोर्तुगीज कारागीर लावण्यात आले होते. परंतु वसई व गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे मन वळविल्यामुळे ते काम टाकून निघून गेले, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. परक्या तंत्रज्ञावर विसंबून आरमार उभारण्यातील धोका असा प्रारंभीच प्रत्ययास आला. त्यानंतर काम स्थानिक सुतारांच्या हातून चालू राहिले. १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि १६७९ मध्ये खांदेरी बेटाच्या संग्रामात मराठ्यांच्या लहान नौकांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना दाद दिली नाही.

मराठ्यांच्या आरमारात गुराब व गलबत हे दोन प्रकार प्रमुख होते. गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची व सु. १५० ते ३०० टनांची असे. तिच्या नाळेवर पुढे रोखलेल्या तोफा असत. गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे असे. शिडांबरोबरच चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ते चाले. वारा पडला, की वल्ह्यांच्या जोरावर गलबते पुढे होत व गुराबांना ओढून नेत. दोहोंचा तळ उथळ असल्याने खाड्यांत आश्रय घेणे सुलभ होई. आजच्या परिभाषेत बोलावयाचे, तर गलबत हे किनारी गस्तीचे साधन होते.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात या गस्तीला निश्चित कायदेशीर अर्थ प्राप्त झाला. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले आणि शाहूंनी त्यांचे सरखेलपद मान्य केले. समुद्रावर मराठ्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाने जाऊ नये, हा कान्होजींचा आग्रह सह्याद्रीच्या माथ्यावरील या राजधानीच्या नावाने चाले. इंग्रज त्यांना चाचे म्हणत; परंतु स्वतः इंग्रज व पोर्तुगीजही असेच परवाने देत असत. प्रश्न चाचेगिरीचा नसून समुद्रावर कोणाचा हुकूम चालावा, हा होता.

या आरमाराचा अंत मराठी राज्यकर्त्यांतील कलहातून ओढवला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲड्‌मिरल वॉटसन व क्लाइव्ह यांच्या विजयदुर्गावरील मोहिमेत आंग्रेंचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. विजयदुर्गच्या खाडीकाठी गिर्ये येथे खडक खोदून केलेल्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. पेशव्यांचे आरमार पुढे धुळपांच्या आधिपत्याखाली चालू राहिले; परंतु पूर्वीचा दरारा राहिला नाही. मराठी जहाजांचे लाकूडकाम उत्तम असले, तरी मोठ्या तोफांच्या ओतकामात मराठे मागे होते व तोफा बव्हंशी परकीयांकडून घ्याव्या लागत. जहाजाचा सांगाडा घरचा आणि त्यातील निर्णायक सामग्री बाहेरची, ही स्थिती पुढे वेगळ्या रूपाने पुन्हा उद्‌भवली.

त्याच सुमारास मुंबईत वेगळी परंपरा आकार घेत होती. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट इंग्लंडमध्ये आजही तरंगत आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंड व वाफ यांचे युग सुरू झाले आणि सागवानावर आधारलेली ही कारागिरी मागे पडली. त्यानंतर सु. शंभर वर्षे भारतीय गोद्यांकडे मुख्यतः दुरुस्तीचेच काम राहिले [⟶ जहाजबांधणी].

गरज व कायदा : विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सु. १६० किमी. अंतरावर समुद्रात ‘बाँबे हाय’ हे खनिज तेलाचे क्षेत्र सापडले व १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा केला. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र व २०० सागरी मैलांपर्यंतचे (सु. ३७० किमी.) अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित झाले. आर्थिक क्षेत्रातील मासे, तेल, वायू व तळावरील खनिजे यांवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला. मात्र इतर राष्ट्रांच्या जहाजांची ये-जा तेथे मुक्त राहिली. या क्षेत्राचे क्षेत्रफळ सु. २० लाख चौ. किमी. असून ते भारताच्या भूमीच्या सु. तीन-पंचमांश भरते.

हक्क कागदावर मिळाला, तरी तो बजावण्यासाठी जहाजे नव्हती. सोन्याची तस्करी आणि परदेशी मच्छीमार जहाजांची घुसखोरी यांना आळा घालण्याचे काम नौदलाच्या महागड्या युद्धनौकांवर सोपविणे परवडणारे नव्हते. कामठी येथे जन्मलेले व सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीनुसार १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी तटरक्षक दल स्थापन झाले आणि १९७८ च्या कायद्याने त्यास स्थायी स्वरूप मिळाले. नौदलाने दिलेल्या दोन जुन्या लहान फ्रिगेटा व पाच गस्ती बोटी एवढ्याच सामग्रीवर या दलाचा संसार सुरू झाला. खोल समुद्रातील गस्ती जहाजांच्या भारतातील बांधणीचा उगम या उणिवेत आहे.

रचना : गस्ती जहाजाची रचना म्हणजे परस्परविरोधी गरजांची तडजोड असते. तस्करांचा पाठलाग करण्यास वेग हवा, तर आठवडेच्या आठवडे समुद्रात राहण्यास इंधनाची बचत हवी. पाण्यातून जाणाऱ्या जहाजास लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १२ नॉटचा वेग २४ नॉटपर्यंत नेण्यासाठी निदान आठपट शक्ती खर्चावी लागते. त्यामुळे गस्ती जहाज नेहमी मंद गतीने फिरते व प्रसंगीच पूर्ण वेग घेते. मंद गतीत वायुटरबाइन फार इंधन खाते. म्हणून या जहाजांत बहुधा दोन मोठी डीझेल एंजिने बसवितात व प्रत्येक एंजिन दंतचक्रपेटीमार्फत एकेक मळसूत्र फिरविते. मळसूत्राच्या पात्यांचा कोन बदलता येत असल्याने एंजिनाची दिशा न पालटता जहाज मागे घेता येते.

दुसरी तडजोड स्थैर्याची असते. जहाजाच्या मागील भागावर हेलिकॉप्टर उतरण्याचा तळ व बहुधा त्याचे गृह असते. रडार, तोफा व टेहळणीचा मनोरा हेही उंचावर असतात. वरच्या भागात वजन वाढले, की जहाज अधिक कलते. उलट तळाशी फार वजन भरल्यास ते झटक्याने सरळ होते व त्याचे हेलकावे खलाशांना असह्य होतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असताना हेलिकॉप्टर उतरविता यावे, यासाठी जहाजाच्या दोन्ही बाजूंस पाण्याखाली पंख बसवून डोल कमी करतात. शस्त्रसज्जता बेताची असते. तटरक्षक दलाच्या जहाजांवर सामान्यतः ३० किंवा ४० मिमी. व्यासाची तोफ असते; नौदलाच्या जहाजांवर ७६ मिमी. तोफही असते. त्यांखेरीज संशयित जहाजावर पथक उतरविण्यासाठी वेगवान बोटी, आग विझविण्याचे पाण्याचे फवारे आणि वाचविलेल्या माणसांसाठी जागा यांना या जहाजांत विशेष महत्त्व असते.

बांधणीचे टप्पे : आराखडा तयार झाल्यावर त्याची लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब हौदात ओढून तिला होणारा विरोध मोजतात. पूर्वी जहाजाच्या फासळ्यांचे आकार मोठ्या सभागृहाच्या लाकडी जमिनीवर पूर्ण मापाने आखीत. आता हे काम संगणकावर होते व पोलादी पत्रे संगणकनियंत्रित यंत्राने कापले जातात. पहिला पत्रा कापण्याच्या समारंभाने बांधणीस औपचारिक प्रारंभ होतो. त्यानंतर कणा ठेवण्याचा विधी होतो. कोकणातील नौकाबांधणीत कण्यास ‘पठाण’ म्हणतात व त्याच्या स्थापनेच्या वेळी पूजा करण्याची जुनी प्रथा आहे. लाकडी नौकेत पठाण ही अखंड तुळई असे. आधुनिक जहाजात मात्र अनेक खंड कार्यशाळेत स्वतंत्रपणे वितळजोडकामाने तयार करून ते यारीने उचलून एकमेकांस जोडतात. म्हणून हा विधी पहिला खंड जागेवर ठेवण्यापुरता उरला आहे.

खंड जोडण्यापूर्वीच त्यांत नळ, तारांचे मार्ग व पाया-आधार बसविले, तर काम लवकर उरकते. कारण बंदिस्त सांगाड्यात वाकून काम करण्यापेक्षा खुल्या खंडात काम करणे सोपे असते. वितळजोडाच्या प्रत्येक महत्त्वाच्या रेषेची क्ष-किरणांनी वा श्राव्यातीत ध्वनीने तपासणी होते. सांगाडा पुरा झाल्यावर जलावतरण होते. भारतीय प्रथेप्रमाणे अथर्ववेदातील मंत्र म्हटले जातात व एखादी महिला जहाजाचे नामकरण करून ते पाण्यात सोडते. पूर्वी जहाज उतारावरून घसरत पाण्यात जाई; गोवा येथे २०११ साली सुरू झालेल्या उद्‌वाहक यंत्रणेमुळे जहाज मंचावर ठेवून सावकाश पाण्यात उतरविता येते.

जलावतरण हा बांधणीचा शेवट नसून मध्य असतो. त्यानंतर धक्क्याशी बांधलेल्या जहाजात यंत्रे, रडार, तोफा व राहण्याच्या सोयी बसवितात. ज्ञात वजने एका बाजूकडून दुसरीकडे सरकवून जहाज किती कलते, ते मोजतात व त्यावरून त्याचे प्रत्यक्ष स्थैर्य ठरवितात. मग धक्क्याशी यंत्रांच्या चाचण्या आणि अखेरीस सागरी चाचण्या होतात. त्यांत पूर्ण वेग, एकाएकी थांबणे, तीव्र वळण, तोफांचा मारा व हेलिकॉप्टर उतरणे यांची परीक्षा होते. समाधान झाल्यावर जहाज ताब्यात घेतात आणि निशाण चढवून ते सेवेत दाखल करतात.

मुंबई व विशाखापटनम् : माझगाव येथील गोदीचा आरंभ १७७४ मधील एका लहान गोदीपासून झाला. १९३४ मध्ये तिची कंपनी झाली व १९६० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. येथे बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. या अनुभवाच्या बळावर गोदीने तटरक्षक दलासाठी ‘विक्रम’ वर्गाची जहाजे बांधली. सु. ७४ मी. लांबीच्या, सु. १,२०० टनांच्या व २२ नॉट वेगाच्या या वर्गातील पहिले ‘विक्रम’ डिसेंबर १९८३ मध्ये सेवेत आले. ‘विजया’, ‘वीरा’, ‘वरुण’, ‘वज्र’, ‘विवेक’ व ‘विग्रह’ ही त्यानंतरची जहाजेही मुंबईत तयार झाली. त्याच वर्गातील ‘वरद’ व ‘वराह’ ही मात्र गोव्यात बांधण्यात आली.

नौदलासाठी ‘सुकन्या’ वर्गाची सात जहाजे घेण्यात आली. त्यांपैकी पहिली तीन दक्षिण कोरियात तयार झाली व उरलेली चार – ‘सावित्री’, ‘सरयू’, ‘शारदा’ आणि ‘सुजाता’ – विशाखापटनम् येथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये १९९० ते १९९३ या काळात पुरी झाली. ही गोदी म्हणजे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांची निर्मिती होय. सिंदिया कंपनीच्या या गोदीचा पाया २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घालण्यात आला आणि तेथील ‘जलउषा’ हे पहिले जहाज मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. वरीलपैकी ‘सरयू’ २००० साली श्रीलंकेच्या नौदलास देण्यात आली.

गोवा : वास्को-द-गामा येथे जुवारी नदीच्या काठी पोर्तुगीज अंमलात १९५७ साली एक गोदी स्थापन झाली. लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्ज नौकांची बांधणी व दुरुस्ती हा तिचा हेतू होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती माझगाव गोदीकडे भाडेपट्ट्याने देण्यात आली व १९६७ पासून गोवा शिपयार्ड या नावाने माझगाव गोदीची दुय्यम कंपनी म्हणून तिचे कार्य सुरू झाले. बार्ज, मच्छीमार नौका व लहान गस्ती बोटी यांपासून ती हळूहळू मोठ्या कामाकडे वळली. ‘वरद’ व ‘वराह’ यांच्या बांधणीने तिला खोल समुद्रातील जहाजांचा पाठ मिळाला.

यानंतर तटरक्षक दलासाठी ‘समर’ (१९९६), ‘संग्राम’ (१९९७), ‘सारंग’ (१९९९) व ‘सागर’ (२००३) ही सु. १०२ मी. लांबीची जहाजे येथे तयार झाली. ‘संकल्प’ (२००८) व ‘सम्राट’ (२००९) ही १०५ मी. लांबीची जहाजे त्यांची सुधारित आवृत्ती होत. या आराखड्यातून नौदलासाठी ‘सरयू’ वर्ग विकसित झाला. नवी ‘सरयू’ व ‘सुनयना’ २०१३ मध्ये, तर ‘सुमेधा’ व ‘सुमित्रा’ २०१४ मध्ये दाखल झाल्या. सु. २,२०० टनांच्या या जहाजांचा वेग २५ नॉट असून १६ नॉटच्या गतीने ती सु. ६,००० सागरी मैल जाऊ शकतात.

‘सरयू’चे जलावतरण मार्च २००९ मध्ये झाले होते, पण ती सेवेत येण्यास जानेवारी २०१३ उजाडला. पाण्यात सोडलेले जहाज सज्ज होण्यास जवळजवळ चार वर्षे लागली, ही गोष्ट गोदीच्या मर्यादा दाखविणारी होती. यानंतरच्या ‘समर्थ’ वर्गात मात्र लक्षणीय सुधारणा झाली. ‘समर्थ’, ‘शूर’, ‘सारथी’, ‘शौनक’, ‘शौर्य’ व ‘सुजय’ ही तटरक्षक दलाची सहाही जहाजे २०१५ ते २०१७ या काळात सेवेत आली. त्यानंतर ‘सचेत’ (२०२०) आदी आणखी पाच जहाजे गोव्यातूनच मिळाली. एकच आराखडा थोड्याफार फरकाने पुन:पुन्हा बांधल्याने कारागिरांच्या हाताला सराव होतो व वेळ वाचतो, हे जहाजबांधणीतील सर्वमान्य तत्त्व येथे अनुभवास आले. ज्या श्रीलंकेस पूर्वी वापरलेली ‘सरयू’ दिली होती, तिनेच गोव्यात दोन नवी जहाजे बांधून घेतली. ‘सयुराला’ २०१७ मध्ये व ‘सिंदुराला’ २०१८ मध्ये तिच्या नौदलात दाखल झाली.

सातारा-सांगली परिसराचा संबंध : समुद्रापासून सह्याद्रीने वेगळ्या केलेल्या या पठारी मुलखात जहाज बांधले जाणे शक्य नाही. तथापि आधुनिक जहाजाच्या किमतीचा मोठा भाग पोलादी सांगाड्यावर नव्हे, तर एंजिने, दंतचक्रे, पंप, झडपा व विद्युत् सामग्री यांवर खर्च होतो. या सामग्रीच्या उद्योगाची काही महत्त्वाची मुळे या भागात आहेत. बेळगाव येथील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या ओसाड माळावर जमीन दिली व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा कारखाना पुढे पंपांसाठी प्रसिद्ध झाला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडी १९४९ मध्ये निर्माण झालेल्या व १९६० पासून सांगली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तत्कालीन दक्षिण सातारा जिल्ह्यात आहे. याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन केली. ‘विक्रम’ व ‘सरयू’ या दोन्ही वर्गांत पिएलस्टिक या मूळ फ्रेंच बनावटीच्या मालिकेतील डीझेल एंजिने आहेत आणि या मालिकेची एंजिने परवान्याखाली भारतात तयार करण्याचे काम याच कंपनीने केले.

सातारा रोड (पाडळी, ता. कोरेगाव) येथे साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांनी उभारलेला कूपर एंजिनिअरिंगचा कारखाना नांगर व डीझेल एंजिने तयार करी. पुढे तो वालचंद समूहाकडे गेला व तेथील ओतशाळा वालचंदनगर इंडस्ट्रीजचा भाग बनली. या कंपनीने नौदलाच्या जहाजांसाठी दंतचक्रपेट्या तयार केल्या आहेत. सांगली येथे १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे वालचंद यांचेच नाव देण्यात आले. देशातील पहिली सैनिक शाळाही १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. किनाऱ्यावरील गोदी व पठारावरील ओतशाळा यांचे हे नाते जहाजाच्या नामफलकावर दिसत नाही; पण त्याशिवाय जहाज चालत नाही.

अडचणी : गस्ती जहाज साधे समजले जात असल्याने त्याची बांधणी कोणत्याही नव्या गोदीस जमेल, असा समज होतो. अनुभव निराळा आहे. २०११ साली नौदलाच्या पाच गस्ती जहाजांचे काम गुजरातमधील पिपावाव येथील खाजगी गोदीस देण्यात आले. त्यांपैकी दोन २०१७ मध्ये पाण्यात सोडण्यात आली; परंतु गोदी कर्जबाजारी होऊन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली व नौदलास मुदतीत एकही जहाज मिळाले नाही. याउलट कट्टुपळ्ळी येथील लार्सन अँड टूब्रोच्या खाजगी गोदीने २०१८ ते २०२१ या काळात तटरक्षक दलास सात जहाजे दिली. ‘विक्रम’पासून ‘विग्रह’पर्यंतची जुन्या मुंबई-गोव्याच्या जहाजांची नावेच त्यांना देण्यात आली. म्हणजे प्रश्न गोदी सरकारी की खाजगी हा नसून भांडवलाचे स्थैर्य, कामाचे सातत्य व कुशल मनुष्यबळ यांचा आहे. मागणी खंडित झाली, की वितळजोडकाम करणारे कारागीर पांगतात आणि नवी मागणी आल्यावर सर्व शिक्षण पुन्हा आरंभापासून द्यावे लागते.

दुसरी अडचण परावलंबनाची आहे. पोलाद, सांगाडा व आराखडा देशी झाला, तरी मोठ्या सागरी डीझेल एंजिनांचे मूळ आराखडे अद्याप बहुतांशी परदेशी आहेत. परवान्याखाली होणाऱ्या निर्मितीत यंत्र येथे घडते. परंतु ते सुधारण्याचा अधिकार व ज्ञान मूळ मालकाकडे राहते. कान्होजी आंग्रे यांच्या काळात तोफांबाबत जी उणीव होती, तीच आज एंजिनाबाबत जाणवते.

कार्य : या जहाजांचा उपयोग केवळ तेलक्षेत्राच्या राखणीपुरता राहिला नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये चाच्यांनी पळविलेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज अरबी समुद्रात पकडण्यात आले. ‘प्रहार’ या नौदलाच्या नौकेबरोबर त्या पाठलागात तटरक्षक दलाच्या ज्या गस्ती नौकेने भाग घेतला, तिचे नाव ‘ताराबाई’ होते. साताऱ्याच्या गादीच्या इतिहासाशी निगडित असलेल्या महाराणीचे नाव तिला दिलेले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी एक मच्छीमार नौका बळकावून समुद्रमार्गे आले. त्यानंतर किनाऱ्याची राखण हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला व गस्ती जहाजांच्या मागणीस वेग आला. २०१५ मध्ये येमेनमधील यादवीत अडकलेल्या भारतीयांची पहिली तुकडी एडन बंदरातून ‘सुमित्रा’ने बाहेर काढली, २०२३ मध्ये सूदानमधून भारतीयांना आणण्याच्या कामी ‘सुमेधा’चा उपयोग झाला. जानेवारी २०२४ मध्ये ‘सुमित्रा’ने सोमाली चाच्यांनी पळविलेल्या दोन इराणी मच्छीमार नौका पाठोपाठ सोडविल्या, त्यांवर इराणी व पाकिस्तानी मिळून ३६ खलाशी होते. त्यात राष्ट्रीयत्वाचा भेद केला गेला नाही.

सद्यःस्थिती : मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी नव्या पिढीच्या ११ गस्ती जहाजांचे करार केले, त्यांपैकी सात गोव्याकडे व चार कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे सोपविण्यात आली. त्यांची एकूण किंमत सु. ९,७८१ कोटी रु. आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तटरक्षक दलाच्या सहा गस्ती जहाजांचे काम माझगाव गोदीस मिळाले. ज्या गोदीतून १९८३ साली पहिले ‘विक्रम’ बाहेर पडले, तिच्याकडे हे काम अशा रीतीने अनेक वर्षांनी परत आले.

भारतीय गस्ती जहाजबांधणीची चार दशकांची वाटचाल पाहता सांगाड्याचे आराखडे, खंडबांधणी व चाचण्या यांत पश्चिम किनाऱ्याने मोठी मजल मारल्याचे दिसते. मोठी एंजिने, दंतचक्रे व शस्त्रनियंत्रण यांतील संशोधन त्या मानाने मागे आहे. ही दरी भरून काढण्याचे काम गोद्यांइतकेच अंतर्भागातील ओतशाळा, यंत्रशाळा व तंत्रमहाविद्यालये यांच्यावर अवलंबून आहे.